जानेफळवालीचं नाव

माझी शाळा चौथीपर्यंतच. तरी मी वाचते. सावकाश वाचते, ओठ हलवत वाचते, पण वाचते. म्हणून टीव्हीच्या पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा ते मला कोणी वाचून दाखवावं लागलं नाही. गीताबाई. खाली गाण्याचं नाव, साल ब्याण्णव. आणि गाणं सुरू झालं ते दुसऱ्याच बाईच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी माझ्या नातीची, काजलची हळद होती. तिला डीजे पाहिजे होता. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या हळदीला बायांनी गाणी म्हटली होती, तीच लागतील, नाहीतर मी मांडवात येत नाही. ती गाणी माझ्या दिरानं, चिंतामण भाऊजींनी, टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवून भरून घेतली होती. भाऊजी गेले, कॅसेटी राहिल्या. त्यांच्या देवेशनं त्या संभाजीनगरात नेऊन कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि पेनड्राइव्ह घेऊन काल दुपारी आमच्या दुसरबीडला आला, टीव्हीला लावला.

"फ्लॅक फायली केल्या, मोठी आई," तो म्हणाला. "साध्या फायलीत आवाजातलं बारीकसारीक फेकून देतात, जागा वाचावी म्हणून. याच्यात काहीच फेकत नाहीत. कॅसेटमध्ये जेवढं होतं तेवढं सगळं आलं."

आलंच होतं. मागे कुत्रं भुंकलं तेही आलं. बांगड्या वाजल्या त्याही आल्या. आधी एकटीचा आवाज, बारीक, कुठेच न अडखळणारा. मग दहा बायांची झील, आणि त्या झिलीत मी. सगळ्यांच्या अर्धं पाऊल पुढे, आपलाच आवाज कानावर यावा म्हणून ओरडणारी. कडवं संपलं आणि माझंच बोलणं ऐकू आलं, "ए जानेफळवाली, आवाज काढ ना बाई, जेवली नाही काय?"

काजल माझ्या गळ्यात पडली. "आजी, काय गोड आवाज होता वं तुझा!"

मी तिचे हात सोडवले. "देवेश, हे नाव कोनं टाकलं?"

"म्या टाकलं. तुलेच विचारलं होतं ना फोनवर, कोण गायलं म्हणून. तू म्हणाली, मीच, दुसरं कोण. मंग तेवीसच्या तेवीस गाण्यांवर एका झटक्यात लावून देलं."

म्हटलं होतं मी. फोनवर विचारलं की तोंडातून निघून जातं माणसाच्या. तीस वर्षं गल्लीत लग्न असलं की गाणं मीच उचलते. आता कोण लक्षात ठेवतं की त्याच्या आधी कोण उचलत होतं? पण उद्या तेव्हा झील धरलेल्या चार म्हाताऱ्या येणार होत्या, आणि त्यांना कमी दिसत असेल, कमी ऐकू येत नाही. पहिल्या ओळीला त्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं असतं. शिवाय तो आवाज घरात घुमत होता आणि मला त्याच्यावर माझं नाव पाहवत नव्हतं, हेही लिहून टाकते.

"काढ माझं नाव," मी म्हटलं. "तिचं टाक."

"कोणाचं?"

"जानेफळवालीचं. पलीकडच्या घरात राहत होती. तुह्या जन्माच्या आधीच मेली."

त्यानं मान हलवली, काहीतरी दाबलं, "झालं" म्हणाला. लावलं तर पुन्हा गीताबाईच. आता मात्र माझं डोकं फिरलं.

"तुले शिकवायले तुह्या बापानं वावर विकलं, अन् तुले एक नाव बदलता येत नाही?"

"थांब ना, मोठी आई. म्या फायलीचं नाव बदललं. ते बाहेरचं. टीव्ही आतलं वाचते."

"आतलं म्हंजे?"

"फायलीच्या सुरुवातीले एक वेगळी जागा राहते. तिथं लिहिलेलं असते, गाणं कोणतं, गायलं कोणी, साल कोणतं. त्याले टॅग म्हणतात. आवाज त्याच्या मागून सुरू होते. टॅग बदलला तरी आवाजाले काहीच होत नाही."

"अन् खोटं लिहिलं तर?"

"तर खोटं दाखवते. मशीन गाणं ऐकून नाव नाही सांगत. लिहिलं ते वाचते."

"काही फेकत नाही म्हणे तुही फाइल. कुत्र्याचं भुंकणं ठेवलं. मंग बाईचं नावच काऊन फेकलं?"

"फेकलं नाही. कॅसेटवर होतंच कुठं? बाबांनी नुसतं 'हळद' लिहून ठेवलं." त्यानं लॅपटॉप मांडीवर ओढला. "बरं, 'जानेफळवाली' असं टाकू?"

टाक म्हणणार होते. पण या गल्लीत जानेफळच्या तीन सुना. दुसरबीडात किती असतील देव जाणे. मला स्वतःला पंचवीस वर्षं पिंपळगाववाली म्हणत होते. नातू झाला तेव्हा कुठे गीताबाई झाले. तिला तर ना मूल ना नातू. ती जानेफळवाली म्हणून आली आणि जानेफळवाली म्हणून गेली.

"नाव टाक," मी म्हटलं. "आईबापानं ठेवलेलं."

"सांग मंग."

सांगू काय, कपाळ! बावीस वर्षं शेजार. तिच्या हातची भाजी खाल्ली, माझी बाळंतपणं तिनं पाहिली, आणि मला तिचं नाव माहीत नाही. शेजारच्या धम्मशीलाला हाक मारली. ती म्हणाली, "आमी तं काकूच म्हणो." तिच्या सासूला विचारलं. ती म्हणाली, "जानेफळवाली." मी म्हटलं, ते मलाही माहीत आहे. जानेफळवालीचा नवरा तर तिच्या मागोमाग वारला होता. शेवटी काजलनं कुठून कुठून नंबर काढून जानेफळला तिच्या माहेरी फोन लावला. भावाची सून होती फोनवर. मी सगळं समजावून सांगितलं.

"हाव हाव," ती म्हणाली, "आमची दुसरबीडवाली आत्याबाई!"

"अवं, नाव काय तिचं?"

"आमच्यात दुसरबीडवालीच म्हणत, बाई. म्या त्याईले पाह्यलंच नाही. मामंजींले विचारलं असतं, पण त्याईले आता काहीच आठवत नाही."

मी फोन काजलच्या अंगावर टाकला. सासरी माहेरच्या गावानं हाक, माहेरी सासरच्या गावानं हाक. मधल्या रस्त्यावर नाव कुठं पडलं, कोण शोधणार?

"राहू दे ना, मोठी आई," देवेश कंटाळून म्हणाला. "गायकाची जागा रिकामीच ठेवतो. टीव्ही 'अज्ञात' दाखवीन."

"अज्ञात काऊन? माह्या मांडवात गायली अन् अज्ञात?"

"मंग काय करू? टॅग म्हंजे कसं, तुमी भांड्यांवर नाव घालत होत्या ना? कागद चिकटवला तर निघून जाते. टाकीनं ठोकून घातलेलं नाव भांडं जाईन तिथं संगं जाते. तसंच आहे हे. पण आधी कोणी नाव घातलं तं पाह्यजे!"

तो बोलत राहिला. मी ऐकणं सोडलं होतं.

स्वयंपाकघरात फळीवर पितळेची मोठी परात आहे. काजलच्या बापाच्या हळदीला आणली होती, त्याच दिवशी, त्याच पलीकडच्या घरातून. नंतर एकदा ती दारात येऊन म्हणाली होती, "गीताबाई, परात लागत होती." मी म्हटलं होतं, "देते ना, पळून चालली काय मी?" तिनं पुन्हा मागितली नाही. दोन वर्षांनी ती गेली. परात फळीवर राहिली, अक्षरं भिंतीकडे करून. काठावर काही घातलेलं आहे हे मला माहीत होतं. घासताना बोटाला लागायचं. वाचलं मात्र कधी नाही. वाचलं असतं तर परत द्यावी लागली असती.

मी उठले, परात काढली आणि देवेशपुढे आदळली. चिंचेनं काठ घासला. ओठ हलवत, एकेक अक्षर, मीच वाचलं. चि. सौ. कां. केवळा हिस मामाकडून.

"केवळा," मी म्हटलं. "लिही."

"पण आजी," काजल म्हणाली, "ही परात तं आपली..."

"लिही म्हटलं ना त्याले!"

त्यानं गायिकेच्या जागी केवळा लिहिलं, पुढे बाई लावलं. मी म्हटलं, झील धरणाऱ्यांत माझं घाल, खोटं नको आणि फुकटही नको. तशीही जागा असते म्हणे त्यात. तेवीस गाणी एकेक ऐकून घेतली. दोन खरंच माझी निघाली. ती माझ्या नावावर राहिली. आवाज फाटका होता, पण माझा होता.

आज सकाळी हळद त्याच परातीत कालवली. अक्षरं वर करून ठेवली होती. गाणं लागलं, पडद्यावर नाव आलं. चारही म्हाताऱ्या मान वर करून बघत होत्या. धम्मशीलाची सासू म्हणाली, "आवाज तं जानेफळवालीचा. ही केवळाबाई कोण वं?"

"तीच," मी म्हटलं.

"तुले कसं कळलं?"

काजलच्या गालाला हळद लावता लावता मी परातीकडे बोट केलं. म्हातारी वाकली, काठावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"गीताबाई, ही परात तिची होय?"

"हाव," मी म्हटलं. "तिचीच. उद्या देवेश जानेफळले नेऊन देईन. आता पाह्यत काऊन बसल्या? झील धरा."