काळविटांना रकाना नाही

चंद्रभागाला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. तव्यावर भाकरी टाकली की ती दाराशी जाई, दारातून गोठ्याच्या हौदापाशी, आणि तोवर भाकरी करपे. झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला एक पोटुशी हरणी हौदाशी आली होती. सलग तिसरा दिवस. मागं गावची कुत्री, पुढं माणसाचं दार, आणि तरी तिनं मान खाली घातली. दोन घोट, तीन घोट, मग एकच उडी. हरणी माणसाच्या अंगणात पाण्याला येते म्हणजे माळावर काही उरलं नाही, हे सांगायला पंचांग लागत नाही.

येवल्याच्या पुढं, जिथं काळी जमीन संपते आणि खडकाळ माळ लागतो, तिथं उंबरमाळ गाव. या माळावर गावाइतकाच जुना काळविटांचा कळप. त्यांचा पाणवठा पूर्वी वैशाखातल्या आखाजीपर्यंत टिकायचा. झोक्यावर लेकी गात असायच्या, तेव्हाही तळाला आरशाएवढं पाणी टिकून असायचंच. आता पाऊस दिवाळीला येतो, कांद्याची रोपं कुजवतो, दोन दिवसांत वाहून जातो, आणि शिमग्याला पाणवठ्याच्या मातीला तळहाताएवढ्या भेगा पडतात. ऊन तर असं, की दुपारी खडकावर टिटवी बसत नाही.

दहा वाजता मारुतीच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. टँकरचा प्रस्ताव आजच लिहायचा होता. उद्या तालुक्याच्या मॅडम पाहणीला येणार होत्या.

"लिहा भाऊसाहेब," सरपंच खंडेराव ग्रामसेवकाला म्हणाले. "माणसं चौदाशे वीस. मोठी जनावरं तीनशे. लहान जनावरं..."

"आधी काळविटं लिहा," चंद्रभागा उभी राहून म्हणाली. ती पंचायतीत सदस्य होती, पण उभं राहून बोलायची ही तिची दुसरीच खेप.

ग्रामसेवक हर्षलनं कागद तिच्याकडं वळवला. "ताई, छापील नमुना आहे. तसा रकानाच नाही."

"मग आखा."

मंडपात हशा पिकला. तिचा नवरा कोंडाजी खांबाला टेकून बसला होता, तो चप्पल शोधल्यासारखं करू लागला.

"वहिनी," खंडेराव म्हणाले, "काळविटांचं रेशनकार्ड काढलं का? का कोंडाजीच्याच कार्डावर चढवली?"

"त्या कार्डावर एकच तोंड लय खातंय भाऊजी. जागा नाय."

आता बायकाही हसल्या. खंडेराव स्वतः हसले आणि मग आवाज उतरवून, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "अहो, गेल्या वर्षीसारखं करू ना. साठ काळविटं, साठ शेळ्या. तुमचंच तर डोकं व्हतं ते. पाणी आलं का नाय?"

आलं होतं. डोकंही तिचंच होतं. गेल्या उन्हाळ्यात तिनंच सुचवलं होतं, काळविटांना रकाना नाही ना, मग शेळ्यांच्या रकान्यात बसवा. पाहणीच्या दिवशी शेजारच्या वाडीतून साठ शेळ्या हाकून आणल्या, शाळेच्या आवारात बांधल्या. टँकरची एक खेप वाढली. निम्मं पाणी पाणवठ्यात पडलं, निम्मं गावच्या पिंपांत. चंद्रभागा महिनाभर ताठ मानेनं चालली होती.

मग दिवाळीनंतर तिनं वनखात्याकडं अर्ज केला. पाणवठ्याला बोअर पाहिजे, त्यावर सौर पंप पाहिजे. पौषात उत्तर आलं. हर्षलनं वाचून दाखवलं, तिनं पुन्हा वाचायला लावलं. सदर गावी वन्यप्राण्यांच्या पाणीटंचाईची नोंद आढळत नाही, सबब काम अन्यत्र घेण्यात येत आहे. त्या रात्री तिला कळलं, की साठ जीव कुणी मारले नव्हते. तिनंच ते कागदावरून पुसले होते.

आणि आता समोर तोच कागद. शेळ्या लिहिल्या तर परवा पाणी. पोटुशी हरणी परवापर्यंत निभेल. काळविटं लिहिली तर कधी, कोण जाणे. 

"शेळ्या लिहायच्या नाय," चंद्रभागा म्हणाली.

सरुबाई फणकाऱ्यानं उठली. तिचं घर चंद्रभागाच्या घराला लागूनच. "तुझ्या हरणांपायी आमची पिंपं कोरडी ठेवती काय गं?"

"गेल्या साली शेळ्यांचं पाणी तुझ्या पिंपात किती गेलं, सरू?"

"अन् तुझ्यात नाय गेलं?"

"गेलं. म्हणूनच बोलते." तिनं सभेकडं तोंड वळवलं. "आज शेळ्या लिहू, वीस दिवस पाणी पिऊ, पुढल्या साली परत शेळ्या. ऊन काय मागं जाणारे? हे दरसालचंच झालं आता. टँकर मागताना हा जीवबी मोजला पाह्यजे, असा ठराव करा. तालुक्याला जाऊ, जिल्ह्याला जाऊ, आमदाराच्या दारात उभं राहू. पण त्यांच्या नावानं जाऊ. दुसऱ्याच्या नावावर किती दिवस जगवायचं त्यांना?"

मंडपात कुजबुज झाली, कुणी खाकरलं. खंडेरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"ठीक हाय. लिहा ठराव. पण उद्या मॅडमला काळविटं दाखवायची जबाबदारी वहिनींची. दिसली नाय, तर शेळ्याबी नाय अन् काळविटंबी नाय. गावानं मग वहिनींना काय बोलायचं ते बोलावं."

संध्याकाळी तिनं घरातली दोन्ही पिंपं बैलगाडीत चढवली.

"आठ दिवस मी आंघोळ करणार नाय," कोंडाजी कासरा धरून म्हणाला. "हेबी लिहा म्हणावं ठरावात."

"तुमचा वास आल्यावर लिहायची गरज पडायची नाय."

पाणवठ्याच्या खळग्यात त्यांनी कांदा झाकायचा जुना प्लास्टिकचा कागद अंथरला आणि पाणी ओतलं. पिंप वाकवताना तिच्या ओठांवर आपोआप ओवी आली.

*काळ्या पाठीच्या राजा, माझ्या माळाच्या रं धन्या,*
*कुठं शोधिशी पाणी, साऱ्या बारवा रं सुन्या.*

 परतताना कोंडाजीनं बैलांना एकदाही हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला जीप आली. निकिता मॅडम वयानं लहान, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. गावचं पिण्याचं पाणी पाहून झालं, विहिरीचा तळ पाहून झाला, मग सगळे माळावर आले. पाणवठ्यापासून लांब, एका बाभळीच्या विरळ सावलीत दाटीवाटीनं उभे राहिले. समोर माळ नुसता हलत होता, उन्हानं.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मला अजून तीन गावं आहेत हो."

हर्षल चंद्रभागाच्या कानाशी आला. "ताई, वाडीतल्या शेळ्या पंधरा मिनिटांत आणता येतील. मी फोन करतो."

तिनं नकाराची मान हलवली.  खंडेराव दुसरीकडं बघत होते, सरुबाई सरळ तिच्याकडंच.

"मॅडम, पाणवठ्यापाशी चला," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता चालू लागली.

प्लास्टिकवर अर्धंच पाणी उरलं होतं. भोवतीच्या धुळीत खुरांची गर्दी. मॅडम वाकल्या, मग हातातली फाईल उलटली. "गेल्या वर्षी इथं साठ शेळ्यांची नोंद आहे. हे ठसे त्यांचे नाहीत कशावरून?"

वारा थांबला होता. खंडेरावांनी डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं.

"इकडं या," चंद्रभागा म्हणाली. थोड्या अंतरावर लेंड्यांचा पसरट ढीग होता, जुन्यावर ताजा. "शेळी चालता चालता लेंड्या टाकते, तिला जागेचं काय पडलंय? काळविटाचा नर रोज एकाच जागी येतो. हा माळ माझा, असं सांगतो. अन् हे खूर बघा, पुढं टोकदार. शेळीचे बोथट असतात." ती मॅडमकडं वळली. "अन् त्या साठ शेळ्या आम्हीच केल्या व्हत्या, मॅडम. मीच सुचवलं."

"वहिनी!" खंडेरावांच्या तोंडून निघून गेलं.

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. "म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा खोटा?"

"आकडा खरा. नाव खोटं."

 मग मॅडमनी शेजारच्या खडकावर कागद ठेवला, तापलेल्या दगडावरून हात झटकन उचलला आणि कागदाखाली फाईल धरून लिहू लागल्या. "माणसांचं आणि गुरांचं पाणी मंजूर होईल. शेळ्यांची ती जादा खेप बंद. काळविटांसाठी पाणी द्यायचा अधिकार मला नाही, रकाना खरंच नाही. पण शेऱ्यात लिहिते. काळवीट, अंदाजे साठ, खुणा प्रत्यक्ष पाहिल्या. ठरावही जोडते." त्यांनी वर पाहिलं. "सोमवारी जिल्ह्याला टंचाईची बैठक आहे. माझा कागद एकटा गेला तर खालीच राहील. तुम्ही याल?"

"येते."

"जादा खेप गेली ना आमची," सरुबाई पुटपुटली. मग जरा थांबून म्हणाली, "सोमवारपर्यंत यात पाणी कोण वतणार हाय? एकटीच्या पिंपानं पुरंल व्हय?"

 चंद्रभागाची नजर पलीकडं गेली होती. दूर, हलत्या उन्हात, आधी एक काळी पाठ, मग शिंगांचे पीळ, मग मागं पिवळसर ठिपके. कळप थबकून उभा होता.

"अरे! तेच ना?" मॅडम हरखून म्हणाल्या. "थांबूया थोडं. मोजून घेते, आकडा पक्का लिहिता येईल."

"नको मॅडम," चंद्रभागा त्यांच्या आड आली. "आपण इथून हलल्याबिगर ती येणार नाय. पाणी थोडं हाय, अन् त्यात एक पोटुशी हाय."

तिनं सगळ्यांना, सरपंचांनाही, हातानं गुरं वळवावीत तसं जीपकडं वळवलं. "चला, निघा. भाऊजी, तुम्हीबी. आवाज करू नका."

जीप धूळ उडवत निघाली. चंद्रभागा सगळ्यात मागं चालत होती. मागं वळून बघायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि पावलं भराभर उचलली.