सगळी पिसं उजव्याच पंखाची

आपण किती शहाणे आहोत, हे लोटनआप्पांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कोंबडीच्या पिसांनी सांगितलं. त्याआधी निर्मलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अनेकदा सांगून पाहिलं होतं. पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं?

आप्पा माळकरी. पुरुषोत्तमनगरच्या त्यांच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी शिरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मुलीनं, रंजितानं, सुरतच्या धर्मेंद्रशी लग्न ठरवलं. मुलगा लाखात एक, पण मटण-मासे खाणारा, वर दर रविवारी गळ घेऊन नदीवर बसणारा. असला माणूस माझा उंबरा ओलांडणार नाही, असं आप्पा भरल्या पंक्तीत बोलून बसले. लग्न झालं. जावई आला नाही. मग रंजिताही येईना, आणि हे मात्र आप्पांनी हिशेबात धरलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येत, झोके बांधत, आणि आप्पा दार लावून आत बसत.

यंदा निर्मलाबाईंनी परस्पर फोन करून दोघांना आखाजीला बोलावलं. आप्पांना आनंद झाला आणि घामही फुटला. जावयासमोर 'चुकलो' म्हणायचं तर जीभ उचलेना. त्यापेक्षा त्याच्या आवडीचं काही हातानं करून द्यावं, असं त्यांनी ठरवलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. गळाच्या आकड्यावर दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती पाण्यात बुडते आणि मासा फसतो. तिच्या पाठीवर पिसाच्या दोन पट्ट्या, ते तिचे पंख. आप्पा म्हणाले, ह्यात काय मोठंसं!

आता पिसं हवीत, पण माळकऱ्याला मारलेल्या कोंबडीची कशी चालतील? आप्पांनी शक्कल लढवली. ऊसतोडीच्या टोळीतली जुनी ओळखीची तुळशीबाई धडगावकडे राहते. तिच्या कोंबड्या कुंपणावरून उडून जातात, म्हणून ती त्यांच्या पंखाची लांब पिसं कात्रीनं छाटते. कोंबडी जिवंत, पाप नाही. आप्पा भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून तिच्याकडे गेले आणि पिशवीभर पिसं घेऊन आले.

मग चार दिवस घरात दुसरा विषय नाही. फाटलेली, कसर लागलेली पिसं बाजूला. उरलेली निर्मलाबाईंच्या शाम्पूनं धुतली, सावलीत वाळवली, वाकलेली पातेल्याच्या वाफेवर धरून सरळ केली. चाळीस वर्षांत स्वतःची कपबशी विसळली नाही, म्हणाल्या निर्मलाबाई. आप्पांनी लांबी आणि रंग पाहून पिसांचे गठ्ठे लावले आणि स्वतःवर खूश झाले.

बारा माशा बांधून झाल्या. एक बादलीत सोडून ओढली, तर ती भोवऱ्यासारखी गरगर फिरली. दुसरीही फिरली. बाराच्या बारा फिरल्या. दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला वळलेल्या. आप्पांनी व्हिडिओ पुन्हा लावला, ह्या वेळी शेवटपर्यंत. एक पट्टी डाव्या पंखाच्या पिसाची, दुसरी उजव्याच्या, तरच ती जोडी समोरासमोर नीट बसते. आप्पांनी सगळी पिशवी पालथी केली. डावं पीस औषधालाही नव्हतं.

फोनवर तुळशीबाई पोट धरून हसली. एकच पंख छाटतात, आम्ही उजवा छाटतो, दोन्ही छाटले तर कोंबडीचा तोल सावरतो आणि ती पुन्हा उडते, हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, असं तिनं सांगितलं. आप्पांना ते माहीत नव्हतं. कसं असणार? कोंबडीला जन्मभर शिवले नव्हते ना.

पाव्हणे दुसऱ्या दिवशी यायचे. त्या दिवशी सकाळीच आप्पांनी नवापूर गाठलं, म्हटलं इतक्या लांब कोण ओळखणार. माळ सदऱ्याच्या आत सारली, टोपी खिशात घातली आणि चिकनच्या दुकानासमोर रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा डावा-उजवा असे दोन्ही पंख पिसांसकट मागितले. दुकानदारानं विचारलं, आणि कोंबडी? आप्पा म्हणाले, ती नको. अख्खी रांग त्यांच्याकडे बघायला लागली.

पिशवी घेऊन ते वळले आणि जागीच थिजले. शेजारच्या खानावळीत धर्मेंद्र आणि रंजिता बसले होते. सुरतेहून येताना वाट नवापूरवरूनच येते, हे शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. धर्मेंद्रच्या पुढ्यात चिकनचं ताट, घास हातातच राहिलेला. तो चोरी पकडल्यासारखा उठला आणि पुटपुटला, की पुढचे चार दिवस मिळणार नाही, म्हणून इथंच. रंजिता आळीपाळीनं बापाकडे आणि पिशवीतून बाहेर आलेल्या पंखांकडे पाहत होती.

काहीही थाप मारता आली असती. आप्पांना मात्र एकदम ह्या सगळ्याचा, मुख्य म्हणजे स्वतःचा, कंटाळा आला.

"मी हाई मन्हाकरता नही लिधं, जावईबापू," ते म्हणाले. "तुमनाकरता लिधं. तीन वरीस मीच चुकनू."

रंजितानं डोळे पुसले आणि बाकावर सरकून जागा केली. आप्पा पिशवी मांडीवर घेऊन तिच्याशेजारी टेकले. जावई अजून उभाच होता, तेव्हा त्यांनी ते ताट स्वतःच्या हातानं त्याच्याकडे सरकवलं.

"पोटभर खाई ल्या," ते म्हणाले. "घर चार दिन वरण-बट्टीच शे."