अण्णांनी रेवाला ओळखावं

'उसातली वाट' ही आमची मालिका वाहिनीने मध्येच गुंडाळली. रेवाचे अण्णा सगळं विसरलेले, रेवा त्यांच्यासमोर उभी, आणि संपलं! ना शेंडा ना बुडखा. मी वाईत आठवडाभर ज्याच्या त्याच्या अंगावर जात होते. तेव्हा सांगलीच्या क्षमाताईंनी आम्हा चाहत्यांचा ग्रुप काढला आणि दिवाळीला गोष्टींचा फराळ सुरू केला. प्रत्येकाने मालिकेतल्या माणसांबद्दल एक इच्छा सांगायची. चिठ्ठीत आपल्याला ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी गुपचूप गोष्ट लिहायची. पाडव्याला सकाळी सगळ्यांनी आपापला गोष्टीचा डबा उघडायचा. आणि शेजारणीचा डबा जसा रिकामा परत करत नाहीत, तसे गोष्ट मिळालेल्याने दोन शब्द तरी परत धाडायचेच.

यंदा मला आटपाडीची शिवांजली आली. तिची इच्छा होती : 'अण्णांनी रेवाला वळखावं. बाकी कायबी चालंल. पाडव्याला आबांना ववाळून मी त्यांना वाचून दाखवणार हाय.'

तिचे आबा म्हणजे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. मालिका बापलेक मिळून बघायचे. उन्हाळ्यापासून ते तिलाच ओळखत नाहीत, हे ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

मी चिडले. कुणावर, ते मलाच सांगता येईना. गोड शेवट मला एरवी सोसत नाहीत, लोकांच्या गोष्टींना मीच नाकं मुरडते. आणि आता या बाईला नुसता गोड शेवट देऊन काय होणार होतं? मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. शेवटी न राहवून क्षमाताईंना फोन केला.

"आबा तिला लहानपणी काय म्हणायचे, ते काढून घ्याल तिच्याकडून? मला विचारता येत नाही, बिंग फुटेल."

ताईंनी इकडचं तिकडचं बोलत काढून घेतलं. भिंगरी. रानातून बांधावरून हाक मारायचे म्हणे, "ए भिंगरे!"

मग गोष्ट एका बैठकीत झाली. माझ्या गोष्टीतले अण्णा बांधावर येतात, रेवाकडे बघत राहतात आणि म्हणतात, "ए भिंगरे, इतका उशीर?" मी लिहिताना रडले, हेही सांगून टाकते. क्षमाताई वाचून म्हणाल्या, "वल्लरी, काय सांगावं, आबांपर्यंत पोचेलही हाक." वेडेपणा होता. दोघींना कळत होतं. तरी आशा सुटेना.

ग्रुपचं तर लग्नघर झालं होतं. कुणाची चकली मऊ पडली, कुणाची गोष्ट अडली. कवठे महांकाळचा धनाजी रोज सगळ्यांना छळायचा, "माझी गोष्ट कोण लिव्हतंय गं? नायकाला तेवढं मारू नगा, दिवाळी हाय!"

पाडवा उजाडला. डबे उघडले. ग्रुपवर नुसता कल्ला. मी कुणाचंच वाचलं नाही, मला आलेली गोष्टसुद्धा उघडली नाही. शिवांजलीच्या नावाकडे बघत बसले. आंघोळी झाल्या, फराळ झाला, तरी तिचं काही येईना. दुपारी तिचा आवाजी निरोप आला.

"ज्यांनी कुनी लिव्हली त्यांना नमस्कार. डबा रिकामा द्यायचा न्हाई म्हनून सांगते. आबांना ववाळलं आन वाचाय बसले. लय मन लावून ऐकलं त्यांनी. भिंगरी आली तवा मोठ्यानं वाचलं. आबा रडाय लागले. म्हनले, 'वळखलं न्हवं त्यानं पोरीला? बरं झालं. लय बरं झालं.' मला वाटलं, आता बोलतील. मी हात धरला त्यांचा. तर माझ्या डोक्यावर हात ठेवला आन म्हनले, 'बाई, तुमी बी आता घरला जावा. आज पाडवा हाय. तुमचं वडील वाट बघत असतील.'"

निरोपात मागे वारा ऐकू येत होता.

"मी व्हय म्हनलं. आता न्हाई कसं म्हनायचं? उठून भाईर येऊन बसले. आजून भाईरच हाय."