फोटोत काय दिसतं

अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या त्या संस्थेची सगळी दौलत म्हणजे आतून जाड गाद्या ठोकलेली भाड्याची एक खोली. अध्यक्षांनी एक दिवस सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत वर्षाच्या भाड्याची सोय झाली तर ठीक, नाहीतर खोली सोडायची." हे सगळ्यात जास्त लागलं ते तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या मावशीला. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात तिचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर तिचा आवाज कौतुकाने ऐकणारी माणसं या खोलीमुळेच तिला मिळाली होती. घरी ती बोलायला लागली की नवरा टीव्ही मोठा करायचा.

मदतीला भाची धावली. तिने संस्थेचं पेज काढलं आणि रोज फोटो टाकायला सुरुवात केली: फीत कापणारे अध्यक्ष, भाषण करणारे अध्यक्ष, माइकला टेकून हसणारे अध्यक्ष. लाइक मोजायला एका हाताची बोटं पुरत, आणि त्यातले दोन अध्यक्षांच्या घरचे असत.

मग एका श्रोत्याने लिहिलं, "माझा फोन मला पोस्ट वाचून दाखवतो, पण फोटो आला की नुसतं 'फोटो' म्हणतो आणि गप्प बसतो. अहो, संस्था अंधांसाठीच आहे ना तुमची?" भाचीने जीभ चावली.

मावशीला यात अवघड काहीच वाटलं नाही. रेकॉर्डिंगचा नियमच होता: पुस्तकात चित्र आलं की थांबायचं, "चित्र" म्हणायचं आणि दिसतं तेवढं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही. त्याच शिस्तीत तिने भाचीला सांगितलं, "लिही. चित्र. अध्यक्ष फीत कापत आहेत. कात्री उलटी धरली आहे. पोट आत ओढलेलं आहे, पण ते ऐकत नाहीये. मागे तिघं टाळ्या वाजवत आहेत. चौथा बिस्किटांकडे बघतो आहे."

अध्यक्ष तणतणले, पण पेज धावायला लागलं. डोळस लोकसुद्धा आधी वर्णन वाचून मग फोटो बघू लागले, आणि "आमचंही सांगा ना मावशी!" म्हणून आपापले फोटो पाठवू लागले. भाची कसली सोडते! देणगी द्या, मावशी तुमच्या फोटोचं वर्णन करेल, असं तिने जाहीर केलं. पदरमोड करून बोलणी खायला लोकांची रांग लागली. "चित्र. नवरी हसते आहे. नवरदेव दाराकडे बघतो आहे." देणग्या येऊ लागल्या तशी अध्यक्षांची नाराजीही वितळली.

तरी महिना संपत आला आणि रक्कम थोडी कमीच पडत होती. तेवढ्यात, फोन गप्प बसतो अशी तक्रार करणाऱ्या त्या काकांकडून एक फोटो आला. काका जन्मांध, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, संस्थेचे सगळ्यात जुने श्रोते. सोबत व्हॉइस मेसेज होता: "मावशी, ही गेली त्याला वर्ष झालं. सगळे म्हणतात, फार देखणी होती. गेलेल्या माणसाबद्दल लोक दुसरं काय म्हणणार? तुम्ही पदरचं घालत नाही. कशी दिसते, सांगाल?"

"हे पेजवर टाकू या," भाची म्हणाली. "उद्यापर्यंत भाडं जमेल बघ!"

मावशीला मोह झाला, नाही असं नाही. खोली हातची जाणार होती. पण "त्यांनी मला विचारलंय, गावाला नाही," म्हणत तिने फोन लावला. 

"चित्र. तुम्ही दोघं बाकावर बसलाय. काकू... देखण्या नाही म्हणता येणार, काका. दात थोडे पुढे आहेत. कपाळ मोठं आहे. तुम्ही ताठ बसून समोर तोंड केलंय. काकू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, तुमच्याकडे बघताहेत. तुमची कॉलर एका बाजूने दुमडलीय आणि त्यांचा हात तिथवर पोचत आलाय."

म्हाताऱ्याचं काळीज दुखावलं, असं वाटून मावशी धास्तावली.

"लबाड!" काका एकदम हसायला लागले. "मला म्हणाली होती, दोघंही अगदी कॅमेऱ्यात बघत होतो, फोटो झकास आलाय! इतकी वर्षं थापा मारल्या, आज सापडली. मावशी, हे पेजवर टाका. खोली गेली तर मला वाचून कोण दाखवणार? आणि दातांसकट टाका!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर्षाचं भाडं जमलं. मावशी मात्र फोन ठेवल्या ठेवल्याच ढसाढसा रडली होती. भाचीने पटकन मोबाइल उचलून तिचा फोटो काढला, तसा मावशीने तो हिसकावून घेतला.

"याचं वर्णन करायचं नाही," ती म्हणाली.