पहिल्या रांगेतली गाडी

"अंगठ्यानं दाब गं पोरी. तळहात आंधळा असतो, त्याला काही कळत नाही. नाव बसलं की नाही ते अंगठा सांगतो."

कारखान्यात काम शिकवणाऱ्या हेझल स्टॅम्परचा तो घोगरा आवाज नेड्राला पंचावन्न वर्षांनीही ऐकू येई, आणि नेमका नको त्या वेळी. आत्ताही आला. समोर चर्चच्या हिरवळीवर जुन्या टॅमरॅक गाड्यांच्या क्लबच्या एकवीस गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. ऑगस्टचं ऊन त्यांच्या क्रोमवरून उसळून डोळ्यांत येत होतं. शेजारी नवरा, आर्वो, मक्याच्या कणसाचे दाणे सुरीनं सोडवून तिच्या ताटात ठेवत होता. कवळी बसवल्यापासून तिला कणीस चावत नसे. हे काम तो न सांगता करी.

"खाऊन घे. मग माझं भाषण आहे."

"तुझं भाषण मला पाठ आहे."

"मग चुकलो तर सांग."

टॅमरॅक ही गाडी तशी घरोघरची. शिक्षकाकडे असे, पोस्टमनकडे असे. पण तिच्यातली सगळ्यांत मोठ्या इंजिनाची, चारच वर्षं निघालेली, ती नॉर्थविंड. एकाहत्तर साली ते नाव बंद झालं. आता कंपनी चार दारांची, विजेवर चालणारी नवी टॅमरॅक काढणार होती, आणि तिच्यावर जुनं नाव पुन्हा लावावं का, हे विचारायला ॲशलिन नावाची एक मुलगी डेट्रॉइटहून कागद घेऊन आली होती. कागदावर 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी.

"विजेची?" क्लबातला क्लीट म्हणाला. ढेरीवर कागदी ताट ठेवून तो आरामखुर्चीत पसरला होता. "मग आवाज कसला येणार तिला? माझा फ्रिज तिच्यापेक्षा जोरात ओरडेल."

"आवाज स्पीकरमधून देणार आहोत, सर," ॲशलिन म्हणाली.

"माझ्या बायकोचं घोरणं टेप करून न्या. आठ सिलिंडर आहेत."

"नऊ," बायको मागून म्हणाली. सगळे हसले.

ॲशलिन नेड्रापाशी येऊन गवतावर बसली. "मॅडम, तुम्ही कारखान्यात हीच नावं बसवायचात म्हणे! तुम्हाला काय वाटतं?"

"नाव बंद केलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं," नेड्रा म्हणाली. "एका सोमवारी पेटी आली, त्यात ती अक्षरं नव्हती. बस. एवढंच."

मुलीनं ते लिहून घेतलं. कुठल्या चौकटीत घालावं ते तिला कळलं नसावं.

केंटकीच्या डोंगरातून कारखान्यात आली तेव्हा नेड्रा एकोणीस वर्षांची होती. पट्ट्यावरून मडगार्ड सरकत येई, पत्रा दाबणाऱ्या प्रेसनं आधीच पाडलेल्या दोन भोकांत तिनं अक्षरांच्या पाठीवरच्या खुंट्या घालायच्या आणि अंगठ्यानं दाबायचं. एकावर नॉर्थविंड, पुढच्या दहांवर नुसतं टॅमरॅक; दोन्ही नावांच्या भोकांची जागा वेगळी. डोंगरातल्याच बाया होत्या सगळ्या. त्या कामावर गाणं रचून म्हणत:

*नाव लाविते गाडीला, गाडी जाई परक्या घरी,*
*माझ्या नावाची गं पाटी कुण्या दारावर तरी?*

पाटी नंतर लागली. आर्वो लॅम्पिनेन प्रेसखात्यात होता, उत्तरेकडचा, फिनलंडच्या घराण्यातला, अबोल. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात, कारखान्याला टाळं असताना त्यानं आईकडून आलेला तळ्याकाठचा रानाचा तुकडा विकला आणि एका माणसाकडून वापरलेली नॉर्थविंड आणली. हिरवीगार. त्या संध्याकाळी अबोल माणूस गात होता. आईच्या भाषेतलं गाणं, नेड्राला एक शब्द कळेना, पण घर भरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी धुवायला घेतली. डावीकडची अक्षरं किंचित हलत होती. सवयीनं तिनं चाकावरच्या पोकळीतून हात आत घातला, चिमटा आवळायला, आणि बोट कापलं. भोकाची कड खरखरीत होती. प्रेसनं पाडलेलं भोक आतून लोण्यासारखं असतं. हे कुणीतरी ड्रिलनं पाडलं होतं. उजवीकडे पाहिलं. तिथंही तेच. साध्या टॅमरॅकमध्ये मोठं इंजिन घालून, नाव ठोकून, त्या माणसानं ती आर्वोच्या गळ्यात मारली होती.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. त्या उद्याला एकोणपन्नास वर्षं झाली. मधल्या काळात आर्वोनं क्लब काढला, नियम केले. खऱ्या नॉर्थविंड पहिल्या रांगेत, बाकीच्या मागं झाडाखाली. पुढं गाडी खरी की नाही ते कारखान्यानं कोरलेल्या नंबरावरून तपासायची पद्धत आली. पण ज्यानं क्लब काढला त्याच्या गाडीचा नंबर कोण विचारणार?

आर्वो उठला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तो ताठ उभा राही.

"मी थोडक्यात बोलतो," तो म्हणाला. "नाव म्हणजे काय पोस्टाचं तिकीट आहे, गळून पडलं की पुन्हा चिकटवायला? हे नाव इंजिनानं कमावलं. आम्ही हातानं केलेल्या गाड्यांनी कमावलं. ते आता दुसऱ्याच कशावर लावलं तर ती फसवणूक आहे. विकत घेणाऱ्याची, आणि आमची."

टाळ्या पडल्या. तेव्हा झाडाखालून एक बाई पुढं आली. शाळेची बस चालवणारी, पन्नाशीची, पाँटियाक गावची व्हॉनेटा क्रम. या वर्षीच क्लबात आलेली.

"मला बोलायचंय, मिस्टर लॅम्पिनेन. माझं मत 'हो' आहे. माझे डॅडी सव्वीस वर्षं याच कंपनीच्या रंगखात्यात होते. शेकडो नॉर्थविंड रंगवल्या, घेता एकही आली नाही. माझ्या भाच्याला तरी या नावाची कोरी गाडी घेऊ दे की."

"तुमची गाडी ती तपकिरी ना?" आर्वोनं विचारलं. "सहा सिलिंडरची?"

"हो."

"आणि तिच्यावर नाव नॉर्थविंडचं."

"डॅडींनी भंगाराच्या पेटीतून आणून लावलंय. ते सगळ्यांना सांगायचे, इंजिन साधं, नाव थोर. त्यांनी कुणाला फसवलं नाही."

"ते आज सांगायला आहेत का?"

"नाहीत. मार्चमध्ये गेले."

"वाईट वाटलं ऐकून. मनापासून. पण उद्या तुम्ही गाडी विकाल, घेणारा परवा दुसऱ्याला विकेल, आणि तिसरा कुणी गरीब आपलं सगळं घालवून ती खरी म्हणून घेईल. अशा माणसाचं काय होतं ठाऊक आहे? म्हणून नियम आहे. मत द्यायचं तर आधी नाव काढायचं."

क्लीटनं ताट खाली ठेवलं.

"नेड्रा, इकडं ये," आर्वोनं हाक मारली. "मी म्हणतो म्हणून नको. हिनं दोन वर्षं ही नावं बसवलीयेत. अगं, हात घालून बघ आणि सांग यांना."

नेड्रा उठली. झाडाखाली जाऊन तपकिरी गाडीच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसायला तिला वेळ लागला. व्हॉनेटानं दंड धरून आधार दिला.

"सावकाश, मिस नेड्रा. गवतात खडे आहेत."

केंटकी सोडल्यापासून तिला असं तिकडच्या आदरानं 'मिस' कुणी म्हटलं नव्हतं. तिनं पोकळीतून हात आत घातला. कड लागली. पण ही कड घासलेली होती. कानशीनं, कुणीतरी रविवारची दुपार घालवून, गोल, मऊ. आत गंज लागू नये म्हणून रंगाचा हातसुद्धा दिला होता. रंगखात्यातला माणूस.

"काय आहे?" आर्वोनं विचारलं.

"ड्रिलचं आहे," ती म्हणाली.

"झालं तर." त्याच्या आवाजात विजय नव्हता, नुसतं काम उरकल्यासारखं होतं. त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पातळ पट्टी काढली आणि व्हॉनेटाच्या हाती दिली. "हिनं काढा. खालच्या टोकापासून, हळू. रंग खरवडला जाणार नाही."

व्हॉनेटा पट्टीकडे पाहत राहिली. "डॅडींनी लेव्हल लावून, अगदी सरळ बसवलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग नेड्राच्या शेजारी गुडघे टेकून तिनं पट्टीचं टोक पहिल्या अक्षराखाली सरकवलं. ॲशलिन दूर बघत होती. क्लीटच्या बायकोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. आर्वो हात मागं बांधून उभा होता, इतकी वर्षं पहिल्या रांगेत उभा असलेला माणूस. त्यानं सकाळी गाडी पुसली होती. त्याच्या नखांत अजून पॉलिश होतं.

पट्टीखाली 'कट्' असा बारीक आवाज झाला.

नेड्रानं व्हॉनेटाच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब, बाई."

"का गं?" आर्वो म्हणाला. "काय झालं? पाय धरला का?"

तो हात द्यायला वाकला. तिनं त्याचा हात धरला, पण उठली नाही. त्याचा चेहरा आता तिच्या अगदी जवळ होता, आणि तिला दुसऱ्या कुणाला ऐकवायचं नव्हतं. पण हिरवळ इतकी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"आर्वो, आपल्या गाडीचीही भोकं ड्रिलची आहेत. डावीकडची दोन्ही, उजवीकडची दोन्ही. तू ती घरी आणलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला माहीत आहे."