डाव्या दारावरचा टवका

मित्रांनो, सोळा वर्षं रस्त्यावर काढलेली मी एक निळी मोटार आहे. कारखान्यातल्या भट्टीत माझा रंग पक्का झाला आणि तिथून मी एका घड्याळजींच्या दारात आले. ते केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून श्वास रोखत आणि ती अचूक जागी बसवत. माझीही त्यांनी तशीच निगा राखली. शेजारी मला अजून नवीकोरी म्हणत, तेव्हा मी हरखून जात असे.

दुकान कायमचं बंद केल्यावर मात्र ते मला क्वचितच बाहेर काढू लागले, तेही त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, सोबत नसताना. कारण मला ठाऊक होतं. स्टिअरिंगवरचा त्यांचा उजवा हात थरथरत असे.

एके दिवशी फाटकातून आत येताना त्या हाताने झटका खाल्ला आणि माझं डावं दार खांबाला घासलं. शेंगदाण्याएवढे दोन टवके उडाले. बाजारात कुणीतरी धक्का देऊन गेलं, असं त्यांनी बाईंना सांगितलं. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग माझ्यावर कापड पडलं. त्याखालच्या दमटपणात तीन आठवडे गेले आणि उघड्या पत्र्यावर गंज धरू लागला.

एका सकाळी बाई बहिणीकडे गेल्या. त्या संध्याकाळपर्यंत येणार नव्हत्या. त्यांची पाठ वळताच घड्याळजींनी कापड काढलं. दार धुऊन कोरडं केलं. बारीक पॉलिश पेपरने गंज घासून काढला, पत्रा स्पिरिटने पुसला आणि राखाडी प्रायमर लावला. तो वाळेपर्यंत त्यांनी किती वेळा फाटकाकडे पाहिलं, ते मी मोजलं नाही.

मग निळ्या रंगाची चिमुकली बाटली उघडली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी ब्रश पुढे आणला. टवका दोन बोटांवर राहिला, एका बोटावर राहिला, आणि हात उडाला. रंगाचा ओघळ दारावरून खाली आला. त्यांनी तो घाईघाईने पुसला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ओघळ. तिसऱ्या वेळी ब्रश चांगल्या रंगावरच फरफटला. त्यांनी माझ्या काचेला कपाळ टेकलं. किती वेगाने श्वास चालला होता त्यांचा!

तेवढ्यात फाटक वाजलं. बहीण घरी भेटली नाही, म्हणून बाई लवकर परतल्या होत्या. घड्याळजींनी फडका दारावर दाबून धरला आणि वाऱ्याबद्दल काहीतरी बोलू लागले. बाई त्यांच्या निळ्या बोटांकडे पाहत होत्या.

"हात कधीपासून थरथरतोय?" त्यांनी विचारलं.

घड्याळजींनी फडका दारावरून खाली घेतला.

"थंडीपासून," ते म्हणाले. "आणि धक्का कुणी दिला नाही. मीच घासली खांबाला. तुला कळलं असतं, तर तू चावी काढून घेतली असतीस."

"घेणारच आहे," बाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी स्टूल आणलं, माझ्या दारापाशी ठेवलं आणि त्यावर बसल्या. "ब्रश द्या इकडे. किती लावायचं ते तुम्ही सांगा."

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. ते सांगत गेले, बाई थेंबाथेंबाने रंग भरत गेल्या. पातळ थर, मग वाळेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा पातळ थर. दुसऱ्या दिवशी वरून पारदर्शक लेप बसला.

त्यानंतर दोघं डॉक्टरांकडे गेली. औषधाने थरथर कमी झाली, पण थांबली नाही. गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली. आता बाई मला चालवतात. दहा वर्षांत त्यांनी गिअरला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी मी चौकात तीनदा बंद पडले. मागून भोंगे वाजत राहिले, आणि शेजारी बसलेले घड्याळजी गुडघे घट्ट धरून गप्प राहिले. तेवढं गप्प राहणं त्यांना फार जड गेलं असावं.

माझ्या दारावरचे दोन ठिपके जवळून पाहिले तर जरा गडद दिसतात. त्याची मला लाज वाटत नाही. मित्रांनो, टवका उडाला तर तो लगेच भरा, झाकून ठेवू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी एकटंच काही झाकत असेल, तर रागावण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसा.