रंग न चढलेला खांब

पार्किंगमधल्या कोपऱ्याच्या खांबाला पाडलेल्या भोकात तिने औषध फवारलं आणि टॉर्च धरला. निरोगी काँक्रीट या औषधाने गुलाबी होतं. इथे पार सळईपर्यंत रंगाचं नाव नव्हतं. म्हणजे सळईचं कवच गेलं होतं. गंज धरणार, किंवा आत धरलेलाच.

शेजारचे दोन खांब मात्र छान गुलाबी झाले होते.

"झालं तर! तीनातले दोन पास," भाऊजी म्हणाले. ते इमारतीचे चेअरमन आणि तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, घरात अंथरुणाला खिळलेले वडील. मेहुणी इंजिनियर आहे तर सांभाळून घेईल, म्हणून त्यांनी तिलाच बोलावलं होतं.

"इमारत पडणार का, ते एका शब्दात सांग."

"एका शब्दात नाही सांगता येत, भाऊजी. दहा वर्षं उभी राहील, नाहीतर पुढचा पावसाळाही काढणार नाही."

"डॉक्टर झाली असतीस तर पेशंट धसक्यानेच गेले असते!"

ताई चहा घेऊन खाली आली होती. कप तसाच हातात धरून ती म्हणाली, "मामंजींना बसवलं तरी धाप लागते गं. घर सोडायचं तर त्यांना जिन्याने उतरवायचं? आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"चुकेलही. पण ताई, वर तू राहत नसतीस तर मी मघाशीच बोलले असते. तू आहेस म्हणून जीभ रेटत नाहीये."

मग तिने सांगून टाकलं. या बाजूची सगळी घरं आज रिकामी करायची, गच्चीवरची टाकी उपसायची, खांबांभोवती लोखंडी टेकू लावायचे.

लोकांनी तिला नाही नाही ते सुनावलं. मामंजींना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. जिन्याच्या वळणावर त्यांनी डोळे उघडले. "कोण गेलं?"

"कुणी नाही, मामंजी," ताई म्हणाली. "तुम्ही श्वास घ्या."

टेकू लागले आणि तपासायला कोपऱ्याचा खांब थोडा फोडला. आतल्या सळया धडधाकट! वरवर तांबूस पापुद्रा, बस्स. काँक्रीट कोरडं राहिलं होतं, म्हणून गंजाला ओल मिळाली नव्हती. मागे कुणीतरी फिस्कन हसलं. भाऊजींची मान शरमेने खाली गेली. तिचे कान तापले.

"आता शेजारचा, भिंतीलगतचा फोडा," ती म्हणाली.

"तो तर पास आहे ना?"

"समोरून पास आहे. मागची बाजू भिंतीत आहे, तिथे मी पोचलेच नव्हते. एका खांबाने मला चकवलं, दुसराही चकवू शकतो."

भाऊजींनी हात जोडले. "पुरे कर आता. अब्रू जायची राहिलीय तेवढी."

"माझी गेलीच आहे. फोडा."

भिंतीची वीट निघाली तसा कुबट वास आला. मागून सांडपाण्याचा पाइप गेला होता आणि तो कधीपासून झिरपत होता कोण जाणे. गवंड्याने छिन्नी टेकवली, तर काँक्रीटची ढलपीच्या ढलपी पायाशी आली. आतली सळई त्याने बोटांनी ओढली. ती तुटून त्याच्या हातात आली.

भाऊजींनी तो तुकडा हातात घेतला.

"तुला माहीत होतं?"

"नाही," ती म्हणाली. मग ती गवंड्याकडे वळली. "बाहेर व्हा सगळे. आधी आणखी टेकू मागवा."